घोरण्याची साक्ष रक्तात सापडते का?

साखर किती वाढली हे रक्तावरून कळते, थायरॉइडचे कळते, छातीत दुखतेय म्हणून आलेल्या माणसाला हृदयविकाराचा झटका आला की नाही हेही ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनावरून काही तासांत कळते. मग जो रात्रभर घोरतो, मध्येच श्वास अडकून दचकतो आणि दिवसा बसल्या जागी पेंगतो, त्याचे निदान रक्ताच्या एका नमुन्यावर का होऊ नये? झोपेत घसा मिटून श्वास थांबतो, त्या विकाराला डॉक्टर ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. त्याची खूण सांगणारे प्रथिन रक्तात शोधण्याचे काम गेली पंचवीस-तीस वर्षे चालू आहे. शोधनिबंधांचा ढीग झाला, तरी या निदानासाठी अमुक प्रथिन तपासा असे प्रमाण मार्गदर्शिकांत कुठेही सांगितलेले नाही. हा सगळा प्रवास पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की विकार आहे की नाही, हे रक्ताला विचारण्यात आपण फार वर्षे घालवली. ज्यांना तो आहे त्यांच्यापैकी कोणाचे शरीर आतून झिजते आहे, हे विचारले तर रक्त बरेच काही सांगू शकेल.

गरज मात्र खरी होती आणि आहे. ‘लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन’मध्ये २०१९ साली आलेल्या अंदाजानुसार जगात ३० ते ६९ वयाच्या सुमारे ९३.६ कोटी लोकांना हा विकार कमीअधिक प्रमाणात आहे. त्यातले ४२.५ कोटी मध्यम किंवा तीव्र गटात मोडतात. आपल्याकडचा पहिला ठोस आकडा मुंबईतून आला. डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांची पाहणी केली आणि ती २००४ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात झोपेत श्वास अडकण्याचे प्रमाण १९.५ टक्के निघाले, आणि त्यासोबत दिवसा झोप येण्याचा त्रासही असलेले ७.५ टक्के. ही माणसे आजारी म्हणून आलेली नव्हती. निदानासाठी लागते ती स्लीप स्टडी: डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून रात्रभर झोपायचे. घरी करता येणारी सुटसुटीत चाचणीही आता मिळते, पण तीही तालुक्याच्या गावी सहजी मिळत नाही. रक्त काढून नेणारा मात्र आता बहुतेक ठिकाणी पोचला आहे. म्हणून रक्ताकडे आशेने पाहिले गेले.

आधी रात्री काय घडते ते जवळून पाहू. झोप लागली की घशाचे स्नायू सैलावतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद, जीभ जड किंवा मानेभोवती चरबी जास्त, त्यांच्यात श्वास आत ओढताना घसा मिटतो. छाती आणि पोट हलत राहतात, पण हवा आत जात नाही. १० सेकंद किंवा अधिक असे झाले की त्याला एक ॲप्निया म्हणतात. प्रत्यक्षात हे वीस, तीस, चाळीस सेकंदही चालते. रक्तातला ऑक्सिजन ९५ वरून ८५ वर, कधी त्याच्याही खाली जातो. मग मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा घुर्र आवाज होऊन घसा उघडतो, ऑक्सिजन झपाट्याने वर येतो, आणि पुन्हा डोळा लागताच तेच. तासाला ५ ते १५ वेळा झाले तर सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तीव्र रुग्णाच्या सात तासांच्या झोपेत हे चक्र दोनशेहून जास्त वेळा फिरते. शेजारी झोपलेल्या बायकोला ते मोजता येते, ज्याला होते त्याला सकाळी काही आठवत नाही.

पेशींच्या दृष्टीने खरी मेख या चढउतारात आहे. उंच डोंगरावर राहणाऱ्या माणसाला ऑक्सिजन सतत कमी मिळतो आणि शरीर त्याच्याशी जुळवून घेते. हे जुळवून घेणे ज्या एचआयएफ प्रथिनामार्फत होते, त्याच्या शोधकार्याला २०१९ चे नोबेल मिळाले. ऑक्सिजन दर मिनिटाला खालीवर होत राहिला तर गोष्ट वेगळी होते. डब्लिनमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रयोगशाळेतल्या पेशींना असे हेलकावे देऊन दाखवले, की त्यातून जुळवून घेण्याची यंत्रणा जागी होण्याऐवजी एनएफ-कॅपा-बी नावाची, दाह पेटवणारी यंत्रणा जागी होते. शिकागोत काम करणाऱ्या नंदुरी प्रभाकर यांच्या प्रयोगशाळेने मात्र अशा हेलकाव्यांतही एचआयएफ वाढतो असे दाखवले. पेशी कोणती, हेलकावा किती खोल आणि किती काळ, यावर उत्तर बदलते. मतभेद असला तरी एक गोष्ट दोन्हीकडून पुढे आली: या विकारात शरीराच्या आत मंद दाह चालू राहू शकतो, आणि दाह असेल तर त्याची प्रथिने रक्तात दिसायला हवीत.

त्यातले सगळ्यात परिचित म्हणजे सीआरपी. कोविडच्या लाटांत हे नाव घराघरांत पोचले. रॉकफेलर संस्थेतल्या टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले होते. आयएल-६ या दुसऱ्या एका प्रथिनाचा निरोप मिळाला की यकृत सीआरपी बनवते. मोठ्या जंतुसंसर्गात ते लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या पुढे जाते, पण हृदयविकाराच्या जोखमीची चर्चा १ आणि ३ मिलिग्रॅम या दोन रेघांभोवती होते. म्हणजे आपण जे शोधतो आहोत ते इतके बारीक आहे, की दुखरी दाढ किंवा नुकती झालेली सर्दीसुद्धा ते झाकून टाकू शकते. एक सोय मात्र आहे. सीआरपीचे आयुर्मान स्थिर असते, सुमारे १९ तासांत ते निम्मे होते, त्यामुळे सकाळी रक्त घेतले काय नि संध्याकाळी काय, फारसा फरक पडत नाही.

मेयो क्लिनिकच्या गटाने २००२ मध्ये ‘सर्क्युलेशन’मध्ये एक लहान अभ्यास छापला. नव्याने निदान झालेले, दुसरा आजार नसलेले २२ रुग्ण आणि त्याच वयाचे, त्याच बीएमआयचे २० निरोगी लोक घेतले. रुग्णांमध्ये सीआरपी जास्त होते, आणि विकार जितका तीव्र तितके ते वाढत होते. खूप आशा निर्माण झाली. दोनच वर्षांनी स्टॅनफर्डच्या ख्रिश्चन गिलेमिनो यांनी, म्हणजे १९७० च्या दशकात या विकाराला वैद्यकात नावारूपाला आणणाऱ्या माणसानेच, मोठा गट तपासून सांगितले की सीआरपीचे नाते बीएमआयशी आहे, श्वास अडकण्याशी नाही. पुढे दोन्ही बाजूंनी अभ्यास येत राहिले. काहींत संबंध दिसला, काहींत वजनाचा हिशेब धरताच तो विरून गेला.

गोंधळाचे मूळ पोटाच्या चरबीत आहे. चरबी ही नुसती साठवण नाही, ती स्वतः आयएल-६ रक्तात सोडते. आयएल-६ म्हणजे यकृताला सीआरपी बनवण्याचा निरोप. आणि तीच चरबी वाढली की घसाही अरुंद होतो. धूर दिसतो, पण तो कोणत्या चुलीचा हे सांगता येत नाही, कारण दोन्ही चुली एकाच भिंतीला लागून आहेत. बीएमआय जुळवून घेतला की हा प्रश्न सुटतो असे बऱ्याच अभ्यासांनी धरले. तो सुटत नाही, आणि हे पुण्याइतके स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसले असेल.

केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी किती दडलेली असते, याचा हा पुरावा मधुमेहाच्या चर्चेत वारंवार दिला जातो. स्लीप ॲप्नियाच्या चर्चेत तो फारसा कोणी आणत नाही, आणि मला ही मोठी उणीव वाटते. चरबीतून आयएल-६ बाहेर पडते हे १९९७ मध्ये दाखवणाऱ्या लंडनच्या संशोधकांत हेच युडकिन होते. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले तर कळते, की आपल्याकडच्या रुग्णात नुसत्या बीएमआयच्या आधारे चरबीचा वाटा वजा करणे म्हणजे हिशेबात निम्मी रक्कम विसरणे. परदेशी अभ्यासातली सीआरपीची रेघ जशीच्या तशी उचलून इथे ओढली, तर ज्यांचा घसा रात्री नीट उघडा राहतो असे किती तरी लोक संशयितांच्या यादीत जातील.

दोन वाटा वेगळ्या करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे उपचार करून पाहणे. सीपॅप हे हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे यंत्र सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढे आणले. ते वजनाला हात लावत नाही, फक्त श्वास अडकणे थांबवते. २०१४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या एका चाचणीने या गोष्टीचा नेमका उपयोग केला. लठ्ठपणा, मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्निया आणि १ च्या वर सीआरपी असलेले १८१ जण घेतले. काहींना सीपॅप दिले, काहींचे वजन कमी केले, काहींना दोन्ही. २४ आठवड्यांनी वजन घटलेल्यांचे सीआरपी उतरले. नुसते सीपॅप वापरलेल्यांचे उतरले नाही. झुरिकच्या गटाने उलट बाजूने प्रयोग केला होता: सीपॅपची सवय असलेल्या रुग्णांचे यंत्र दोन आठवडे बंद ठेवले. श्वास अडकणे परतले, दिवसाची झोप परतली, सकाळचा रक्तदाब वाढला, रक्तवाहिन्यांचे काम बिघडले, पण रक्तातले दाहाचे आकडे फारसे हलले नाहीत. या दोन चाचण्या मी या क्षेत्रातल्या सगळ्यात मोलाच्या मानतो, कारण त्यांनी एका लाडक्या कल्पनेला तपासून पाहण्याचे धाडस केले.

पण म्हणून दाहाची गोष्टच खोटी ठरते असे नाही. लहान मुलांत चित्र वेगळे आहे. त्यांच्यात घसा बहुधा टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडिनॉइडमुळे बुजतो, चरबीमुळे नाही. डेव्हिड गोझाल यांच्या गटाने लठ्ठ नसलेल्या मुलांत शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर सीआरपी मोजले. टॉन्सिल काढल्यावर ते उतरले. चरबीची अडचण बाजूला झाली की श्वासाचा स्वतःचा वाटा दिसतो, असा याचा अर्थ मी लावतो. याच गटाने मुलांच्या सकाळच्या लघवीत यूरोमॉड्युलिन, ऑरोसोम्युकॉइड अशा काही प्रथिनांची जुळणी शोधली. मुलाला सुई टोचावी लागत नाही, ही मोठी सोय. पण वेगवेगळ्या देशांतल्या मुलांमध्ये ती तितक्याच खात्रीने उतरेल तेव्हाच तिचा उपयोग.

आयएल-६ आणि टीएनएफ-आल्फा ही दोन प्रथिने दिवसाच्या झोपेशी जास्त जवळची वाटतात. अलेक्झांड्रोस व्हगोंत्झास यांनी १९९७ मध्येच दिवसा अतिझोप येणाऱ्यांत ती वाढलेली दाखवली होती. २००४ मध्ये त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. संधिवातासाठी वापरले जाणारे, टीएनएफला अडवणारे इटॅनरसेप्ट हे औषध त्यांनी स्लीप ॲप्निया असलेल्या आठ लठ्ठ पुरुषांना दिले. झोपेतला श्वास थोडासाच सुधारला, दिवसाची पेंग मात्र लक्षणीय कमी झाली. आठ माणसांवरून उपचार ठरत नाही. पण एकाच तीव्रतेच्या दोन रुग्णांपैकी एक गाडी चालवताना डुलक्या घेतो आणि दुसरा ताजातवाना असतो, याचे उत्तर कदाचित रक्तात आहे, हे त्यातून सुचते.

बाकीची यादी मोठी आहे आणि तिच्यावर रेंगाळण्यात अर्थ नाही. लेप्टिन वाढते, पण लठ्ठपणातही वाढते. ॲडिपोनेक्टिन घटते, लठ्ठपणातही घटते. आयकॅम-१ आणि ई-सिलेक्टिन ही रक्तवाहिनीच्या अस्तराची प्रथिने बऱ्याच अभ्यासांत वाढलेली दिसतात. रक्ताची गुठळी विरघळू न देणारे पीएआय-१ जास्त लक्षवेधी आहे, कारण ते मुळात पहाटे-सकाळी जास्त असते आणि या रुग्णांना रात्रीच्या वेळेचा धोकाही जास्त असतो. पण त्यामुळेच रक्त किती वाजता घेतले हे न लिहिणाऱ्या अभ्यासातला पीएआय-१ चा आकडा निरुपयोगी ठरतो.

व्हीईजीएफ या, नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करणाऱ्या प्रथिनाचे उदाहरण मात्र सांगायलाच हवे. ऑक्सिजन कमी पडला की ते वाढते, म्हणून स्लीप ॲप्नियासाठी ते आदर्श वाटले. आता लॅबमध्ये काय होते पाहा. लाल टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू देतात आणि वरचा सीरम घेतात. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असते, रक्त गोठत नाही, आणि प्लाझ्मा मिळतो. रक्त गोठताना प्लेटलेट फुटतात आणि स्वतःजवळचे व्हीईजीएफ बाहेर सोडतात. त्यामुळे त्याच माणसाच्या, त्याच क्षणी काढलेल्या रक्तात सीरमचा आकडा प्लाझ्मापेक्षा कितीतरी मोठा येतो. ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये घालण्याआधी किती वेळ टेबलावर राहिली यानेही तो बदलतो. एका अभ्यासात सीरम, दुसऱ्यात प्लाझ्मा, आणि मग दोन्हींची सरासरी काढणारे आढावे. इथे वाद विज्ञानाचा कमी आणि टोपणाच्या रंगाचा जास्त असतो. पुण्या-मुंबईच्या लॅबमधल्या कोणत्याही तंत्रज्ञाला हे माहीत असते. शोधनिबंधात ते लिहिलेले नसते तेव्हा वाचणाऱ्याने थांबायला हवे.

गेल्या काही वर्षांत एकेक प्रथिन मोजण्याची पद्धत मागे पडते आहे. थेंबभर रक्तात हजारो प्रथिने एकदम मोजणारी तंत्रे आली: सोमास्कॅनमध्ये प्रथिनाला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे वापरतात, ओलिंकमध्ये डीएनएची शेपटी लावलेल्या अँटिबॉडींच्या जोड्या. स्टॅनफर्डच्या गटाने यातून श्वास अडकण्याच्या प्रमाणाशी जुळणारा प्रथिनांचा समूह काढला. रक्त गोठणे, दाह आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर यांच्याशी संबंधित प्रथिने त्यात पुढे आली. म्हणजे जुनीच ओळखीची मंडळी, पण आता एकत्र. मला या कामात दोन धोके दिसतात. हजारो प्रथिने मोजली की काही निव्वळ योगायोगाने जुळतात, म्हणून वेगळ्या लोकसमूहात पुन्हा पडताळल्याशिवाय त्यांना किंमत नाही. दुसरे म्हणजे, ज्यांना स्लीप लॅबमध्ये पाठवले गेले त्यांच्यावरच अशी जुळणी शिकवली, तर ती बाहेरच्या जगात अडखळते. शिवाय स्पर्धा स्वस्ताशी आहे. टोरंटोच्या फ्रान्सिस चुंग यांनी २००८ मध्ये तयार केलेली स्टॉप-बँग प्रश्नावली आठ प्रश्नांची आहे: घोरणे, थकवा, कोणी श्वास थांबलेला पाहिला का, रक्तदाब, बीएमआय, वय, मानेचा घेर, लिंग. तिला कागद आणि मोजपट्टी पुरते. महागडी रक्ततपासणी तिच्याहून किती सरस आहे, हे दाखवल्याशिवाय रुग्णाच्या खिशाला हात घालू नये.

म्हणूनच मी सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो: विकार असलेल्यांपैकी कोणाचे शरीर आतून झिजते आहे? ‘सेव्ह’ या मोठ्या चाचणीत हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार आधीच असलेले २,७१७ रुग्ण होते, भारतातलेही होते. २०१६ चा निष्कर्ष असा, की सीपॅपने झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. रुग्णांनी यंत्र सरासरी ३.३ तासच वापरले आणि दिवसा फार झोप येणाऱ्यांना चाचणीत घेतलेच नव्हते, ही त्याची कारणे असू शकतात. पण त्याहून मूलभूत गोष्ट अशी, की ज्यांना धोका जास्त होता आणि ज्यांना नव्हता ते सगळे एकाच गटात होते. तासाला किती वेळा श्वास अडकतो या आकड्यावर सगळे तोलले गेले. श्वास २० वेळा १० सेकंद थांबणे आणि २० वेळा ५० सेकंद थांबणे यांचा आकडा सारखाच, नुकसान सारखे कसे असेल? ऑक्सिजन किती खोल आणि किती वेळ उतरला याचे एकत्र माप २०१९ मध्ये पुढे आले, आणि हृदयविकाराच्या मृत्यूंचा अंदाज त्याने अधिक चांगला दिला.

रक्तातली प्रथिने याच जागी कामाला येतील असे मला वाटते. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या दोन दीर्घ पाहण्यांतल्या, हृदयविकार नसलेल्या दीड हजाराहून अधिक लोकांत अतिसूक्ष्म पातळीवरचे ट्रोपोनिन मोजले गेले. विकाराची तीव्रता वाढली तसे तेही वाढले, वजन आणि इतर गोष्टी हिशेबात धरूनही. पुढच्या विश्लेषणात हे नाते स्त्रियांमध्ये उठून दिसले. स्त्रिया कमी घोरतात, थकवा किंवा झोप न येणे अशी तक्रार घेऊन येतात आणि त्यांचे निदान राहून जाते, हे माहीत असताना ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. मुंबईची जुनी पाहणीही पुरुषांचीच होती.

वजनाचा प्रश्न आता औषधानेही वर आणला आहे. टिर्झेपटाइडच्या २०२४ मधल्या चाचण्यांत सीपॅप न वापरणाऱ्या लठ्ठ रुग्णांचे श्वास अडकणे तासाला सरासरी २५.३ ने घटले, औषधाऐवजी साधे इंजेक्शन घेणाऱ्यांत ५.३ ने. सीआरपीही उतरले. ते श्वास सुधारल्याने उतरले की वजन घटल्याने, हे त्या चाचणीतून वेगळे काढता येत नाही, आणि २०१४ चा धडा पाहता मी तरी वजनाकडे बोट दाखवीन.

आपल्याकडे करण्याजोगा अभ्यास फार खर्चिक नाही. बीएमआयऐवजी शरीरातली चरबी मोजायची, रात्रभर बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, सगळ्यांचे रक्त ठरलेल्या वेळी एकाच प्रकारच्या ट्यूबमध्ये घ्यायचे, स्त्री-पुरुष सारखे घ्यायचे, आणि सीपॅप किती तास वापरले हे यंत्रातून उतरवून घेत पाच-सात वर्षे पाठपुरावा करायचा. केईएमच्या पुण्यातल्या गटाकडे चरबी मोजण्याचा दीर्घ अनुभव आहे, मुंबईच्या छातीविकारतज्ज्ञांकडे झोपेचा. हे दोन अनुभव एकत्र यायला हवेत.

तोवर घोरणाऱ्या माणसाला लॅबने ‘स्लीप ॲप्निया प्रोफाइल’ म्हणून सीआरपी आणि आयएल-६ सुचवले तर ते पैसे स्लीप स्टडीसाठी ठेवावेत. रक्त तपासायचेच तर साखर, लिपिड आणि गरज वाटल्यास थायरॉइड तपासावे. आणि लठ्ठ रुग्णात सीरम बायकार्बोनेट, जे प्रथिनच नाही. दिवसाही श्वास उथळ राहून कार्बन डायऑक्साइड साचण्याचा विकार अशा काही रुग्णांत सोबत असतो. त्याचा संशय फार नसेल आणि बायकार्बोनेट २७ च्या खाली असेल, तर तो विकार बहुधा नाही असे धरून धमनीतले रक्त काढण्याची वेदनादायक तपासणी टाळता येते.